आत्याने मोजून भरलेलं तेल

रविवार, ११ मार्च. सकाळी ७-४० ला वन्संबरोबर धुलाई केंद्रात गेले. जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सचे तेल व फिल्टर वन्संनी बदलले. मी दिवा धरला व ब्रेक दाबला. चेंबरचे बोल्ट सतरा, सतराही परत लागले. निघालेले तेल ७ लिटर ३०० मि.लि., रंग काळपट तपकिरी. भरलेले नवे तेल ७ लिटर ५००. सपाट जागा, इंजिन गरम व चालू: तेल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मधोमध. गळती नाही. ११-५० ला घरी. डाव्या पोटरीत गोळा आला. चष्म्याचा स्क्रू ढिला.

ही नोंद वहिनीने नेहमीसारखी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, शाळेत सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या अक्षरात केली आणि वही कपाटात ठेवून दिली. चार दिवसांत याच ओळींवर आपल्या नणंदेची चौतीस वर्षांची अब्रू टांगली जाणार आहे, असं तिला तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर तिने आधी चष्म्याचा स्क्रू आवळला असता आणि मग विचारलं असतं, "किती वाजता?"

नणंद म्हणजे आत्या. खरं तर तिला भाचरं दोनच, आणि तीही परगावी. पण धुलाई केंद्रातली पन्नास-साठ माणसं तिला आत्याच म्हणत. या केंद्रात तीन इस्पितळांच्या आणि दोन वसतिगृहांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुतले जात. आत्या चोविसाव्या वर्षी तिथे इस्त्रीवर लागली. चौथ्या महिन्यात चादरी दाबायचा मोठा रोलर अडकला. बाहेरचा मिस्तरी येईपर्यंत दोन दिवस जाणार होते. आत्याने दुपारच्या सुट्टीत झाकण उघडलं, आतून एक पायमोजा आणि गुंडाळलेली नाडी ओढून काढली, आणि रोलर फिरायला लागला. त्या दिवसापासून बिघडलेलं सगळं तिच्याकडे यायला लागलं. आधी रोलर, मग पंप, मग बॉयलरच्या झडपा, शेवटी गाड्या. गाड्यांचं काम तिला तिच्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने शिकवलं. तो तिथलाच ड्रायव्हर होता. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून नणंद-भावजय एकाच घरात राहत होत्या, आणि त्यांचं भांडण व्हायचं ते फक्त खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून.

पण एक गोष्ट चौतीस वर्षांत बदलली नाही. पगाराच्या पत्रकावर आत्याच्या नावापुढे पहिल्या वर्षी "मदतनीस" लिहिलं होतं, आणि आता, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, तिथे अजूनही "मदतनीस"च होतं. कुणाची मदतनीस, हे मात्र कुणाला सांगता आलं नसतं. तिच्या वर कुणीच नव्हतं. तिने तीनदा अर्ज केला. एकदा "विचाराधीन" असं उत्तर आलं, एकदा आलंच नाही, आणि तिसऱ्यांदा मॅनेजर हसून म्हणाले, "आत्या, शब्दात काय आहे?" शब्दात काही नसेल तर मग बदलायला काय हरकत आहे, हे आत्याला जिना उतरताना सुचलं आणि ती आठवडाभर स्वतःवरच चिडून होती.

आता त्या ट्रकबद्दल. तो कुठल्याशा बंद पडलेल्या गोदामाकडून जुना म्हणून घेतलेला. केंद्रातल्या बाकी सगळ्या गाड्यांना हाताने टाकायचे गिअर. या एकट्याला आपोआप पडणारे. क्लच नाही. ड्रायव्हर लोक त्याच्याकडे संशयाने बघत. त्याच्यावरचा ड्रायव्हर "सावकाश" या नावाने ओळखला जाई, कारण कुणी कितीही घाई केली तरी त्याचं उत्तर तेवढंच असे. तो महिनाभर सांगत होता की गिअर पडताना गाडी दचकते. आत्याने तेल मोजायची पट्टी काढून बघितली. तेल लाल असायला हवं ते चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं. "हे बदलायला हवं, आणि फिल्टरपण," ती म्हणाली, आणि रविवार ठरवला, कारण इतर दिवशी ट्रक उभा राहतच नसे.

सावकाश त्या रविवारी बहिणीकडे गेला होता, आणि हे काम एकट्याने होत नाही. शेवटी तेल तपासताना कुणीतरी वर बसून ब्रेक दाबावा लागतो आणि गिअरचा दांडा एकेका खुणेवर नेऊन परत आणावा लागतो. म्हणून अडुसष्ट वर्षांची वहिनी, जिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, उशी मागे घेऊन ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

त्याआधी तीन तास आत्या खाली होती. ट्रक घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर चढवलेला, खाली घरची जुनी निळी चादर अंथरलेली. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला लावलेलं परातीएवढं पत्र्याचं भांडं. त्याला खाली बूच नसतंच. एका बाजूचे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करायचे, आणि परात हळूहळू तिरकी करत तेल ओतून घ्यायचं. घाई केली की अंघोळ. आत्याने सगळं तेल मापाच्या डब्यात धरलं आणि वहिनीला आकडा सांगितला. परातीत एक लोहचुंबक असतं, त्याच्यावर राखाडी गाळ जमला होता. तो तिने दोन बोटांत चोळला.

"काय बघता?" वहिनीने विचारलं.

"कच लागतेय का बघते. कच नाही. पिठासारखं आहे. म्हणजे आतलं सगळं धड आहे, नुसतं म्हातारं झालंय."

"आपल्यासारखं."

"आपल्यात कच आहे, वहिनी."

जुना फिल्टर ओढून काढला, त्याची भोकात चिकटून राहिलेली रबरी रिंग दाभणाने सोडवली, नवा बसवला. चेंबर धुऊन पुसून नव्या पॅकिंगवर लावलं. बोल्ट समोरासमोरचे जोडीजोडीने, मोजून पिळणाऱ्या पान्याने आवळले. मग वरून, जिथे पट्टी असते त्याच नळीतून, लांब नळकांड्याने तेल भरलं. गाडी खाली उतरवून आवारातच इंजिन तापू दिलं. वहिनीने ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले आणि दांडा एकेका खुणेवर नेला. प्रत्येक खुणेला ती मोठ्याने ओरडत होती, शाळेत हजेरी घेतात तशी. आत्याने इंजिन चालू असतानाच पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. थोडं कमी होतं. दोनशे मिलिलिटर आणखी. आता मधोमध.

"उतरू का?" वहिनी वरून म्हणाली. "माझा पाय गेला."

"कुठे?"

"झोपायला."

एवढं सगळं झालं होतं. आणि बुधवारी दुपारी, इस्पितळाच्या चढावर, चारशे चादरी पोटात घेऊन तो ट्रक थांबला. सावकाश सांगत होता की इंजिन किंचाळत होतं आणि चाकं मात्र जागची हलत नव्हती. दुसऱ्या गाडीने ओढून आणावा लागला. तासाभरात आत्याला मॅनेजरांच्या खोलीत बोलावणं आलं.

खोलीत मॅनेजर होते, आणि खिडकीशी जावईबापू. जावईबापू म्हणजे मॅनेजरांचे जावई, तीन महिन्यांपूर्वी "देखरेख अधिकारी" म्हणून लागलेले. हे पद आधी नव्हतं. चौतीस वर्षांत आत्यासाठी एक शब्द सापडला नाही, पण यांच्यासाठी दोन सापडले. टेबलावर एक टंकलेला कागद होता. मॅनेजरांनी तो तिच्यापुढे सरकवला.

"वाचा आणि सही करा. फार काही नाही."

आत्याने वाचला. गिअरबॉक्समध्ये गरजेपेक्षा जास्त तेल भरल्यामुळे गाडी नादुरुस्त झाली, हे माझ्या हलगर्जीपणामुळे घडले, मला त्याबद्दल खेद आहे आणि मी माफी मागते. खाली नाव. नावापुढे: मदतनीस. पलीकडे नोंदवही उघडी होती आणि तिच्यात आजच्या तारखेला हेच, थोडक्यात, आधीच लिहून झालं होतं.

"जास्त?" आत्या म्हणाली. "कुणी मोजलं?"

"मी बघितलं," जावईबापू म्हणाले. "पट्टीवर खुणेच्या कितीतरी वर होतं."

"कधी बघितलं?"

"आत्या, वाद नको," मॅनेजर म्हणाले. "वय होतं माणसाचं, नजर चुकते. दोन महिन्यांनी निरोप समारंभ करायचाय तुमचा. सही करा, विषय संपला."

"गाडी चालत होती तोवर मी मदतनीस," आत्या म्हणाली, "आणि बंद पडल्याबरोबर मी मेकॅनिक. असं कसं हो साहेब? बढती दिलीत, तीही चुकण्यापुरती!"

तिने सही केली नाही. सकाळपर्यंतची मुदत मिळाली. सही नाही तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे निवृत्तीच्या कागदांवर तोच शब्द: हलगर्जीपणा.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली नाही, पाणी घेतलं नाही. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बाहेर अशा फेऱ्या घालत राहिली.

"जास्त भरलं म्हणे! मी! दुधात पाणी घालणारासुद्धा मापाने घालतो, आणि मी तेल अंदाजाने ओतलं?"

"बसा वन्सं."

"नजर चुकते म्हणे. माझी! दोन हात लांबून पॅकिंगचा चरा दिसतो मला. आणि त्या पोराला गाडीचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते दिव्यांवरून कळतं!"

वहिनीने कपाटातून वही काढली, रविवारचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. सात तीनशे निघालं, सात पाचशे भरलं, दोन खुणांच्या मधोमध, गळती नाही. आत्या ऐकता ऐकता खुर्चीत बसली.

"पुन्हा वाचा ते मधोमध."

वहिनीने वाचलं.

"तेल जास्त झालं असतं तर त्याला फेस आला असता, बाहेर फेकलं गेलं असतं. गाडीखाली थेंब नाही, मी वाकून बघितलंय. आणि इंजिन ओरडतंय, चाक फिरत नाही, हे जास्तीचं लक्षण नाही. हे कमीचं आहे." ती खुर्चीत पुढे सरकली. "पण कमी कसं होईल? मग गेलं कुठे?"

"उद्या विचारू."

"विचारू म्हणजे?"

"मी येते."

"तुम्ही कशाला?"

"वही एकटी कुठे जात नाही," वहिनी म्हणाली आणि चष्मा डब्यात ठेवला.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला दोघी आवारात होत्या. ट्रक भिंतीशी उभा होता. चादरींचे गठ्ठे अजून आतच. इस्त्रीवरच्या बायका दारात जमल्या होत्या, कारण बातमीला तिथे पाय लागत नसत, ती वाफेबरोबरच पसरे. सावकाश टायरवर हात ठेवून उभा. मॅनेजर घड्याळ बघत आले. "इस्पितळातून दोनदा फोन आला. सही आणलीत ना?"

"आधी तेल बघू," आत्या म्हणाली. "सगळ्यांसमोर. यांनीच बघावं."

जावईबापूंना ते आवडलं. त्यांनी बाह्या दुमडल्या, बॉनेट उघडलं, इंजिन बंदच ठेवून ऐटीत पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि मॅनेजरांपुढे धरली. "हे बघा. आता बरोबर खुणेवर आहे."

"आता म्हणजे?" आत्याने विचारलं.

"म्हणजे सोमवारपासून. सोमवारी सकाळी मी तपासणीला आलो तेव्हा हे पार इथवर होतं." त्यांनी बोटाने दाखवलं. "नशीब समजा मी होतो. साबण उपसायच्या पंपाने दोन लिटर काढलं, तेव्हा खुणेवर आलं. पण तोवर नुकसान व्हायचं ते झालंच असणार."

आत्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग मानेपासून वर लाल होत गेला.

"काढलं," ती म्हणाली. "तुम्ही. दोन लिटर."

"जास्तीचं होतं ते."

"इंजिन चालू होतं?"

"तेल बघताना इंजिन कोण चालू ठेवतं?" जावईबापू हसले आणि सावकाशकडे वळले. "काय हो?"

सावकाशने मान खाजवली. "नाही ठेवत. म्हणजे, बाकीच्या गाड्यांना नाही ठेवत."

"बाकीच्या गाड्यांना!" आत्याचा आवाज बॉयलरच्या खोलीपर्यंत गेला. "तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात एकच गाडी आहे! अहो, या गिअरच्या खोक्यात पंप आहे. इंजिन चालू झालं की पंप तेल वर खेचतो, सगळ्या खोक्यात फिरवतो, तेव्हा खाली उरतं ते मोजायचं. इंजिन बंद केलं की वरचं सगळं खाली परत येतं. तेव्हा पट्टीवर ते चढलेलंच दिसणार!"

मॅनेजर गोंधळलेले दिसले. आत्या दारातल्या बायकांकडे वळली.

"ए, सांगा ग यांना. टबात पाणी काठोकाठ भरलं आणि कोरड्या चादरी टाकल्या की काय होतं?"

"पाणी खाली जातं," तिघीचौघी एकदम म्हणाल्या. "चादरी पितात."

"आणि चादरी पिळून काढल्या की?"

"पुन्हा वर येतं."

"मग ते वर आलेलं पाणी जास्त झालं म्हणून कुणी उपसून टाकलं तर?"

"तर पुढच्या चादरी कोरड्याच राहतील," म्हातारी इस्त्रीवाली म्हणाली, "आणि उपसणाऱ्याला आम्ही टबात घालू."

बायका हसल्या. आत्या हसली नाही. तिने सावकाशला वर बसवलं, इंजिन चालू करायला लावलं, तापू दिलं, दांडा एकेका खुणेवरून फिरवून आणायला लावला. मग पट्टी काढून जावईबापूंच्या हातात दिली. "बघा आता. अधिकारी आहात ना, बघा."

पट्टी खालच्या खुणेच्याही खाली, टोकापर्यंत कोरडी होती. टोकाला लाल थेंब तेवढा.

वहिनीने पर्समधून वही काढली आणि कुणी विचारलं नसताना, हजेरीच्याच आवाजात रविवारची नोंद वाचली. मॅनेजरांनी घसा साफ केला. काढलेलं तेल कुठे आहे ते आत्याने विचारलं. ते जावईबापूंच्या फळीवर, साबणाच्या कॅनमध्ये निघालं. वर साबणाचा फेस तरंगत होता, म्हणजे तेही वाया गेलेलं. तिने आपल्या कपाटातून तेलाचा उरलेला डबा आणला, नळकांडं लावलं, आणि इंजिन चालूच ठेवून थोडंथोडं भरत गेली. पट्टीचा वास घेतला. किंचित जळका होता. तिने धसकून डोळे मिटले, मग उघडून रंग बघितला. तो अजून लाल होता. "आणखी दोन दिवस असाच चालवला असता तर खोकाच गेला असता," ती म्हणाली. सावकाशने ट्रक आवारात एक फेरी फिरवला, मग फाटकाबाहेरच्या चढावर नेला आणि वरून हॉर्न वाजवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही लवकर केलं होतं.

"जाऊ दे त्याला," आत्या म्हणाली. "आधी चादरी पोचू देत. तिथे माणसं उघड्या गादीवर पडली असतील. मग माझं बघते."

इथे तिने चूक केली, असं नंतर इस्त्रीवाल्या म्हणत होत्या. कारण ट्रक वळणाआड गेला आणि मॅनेजरांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चला, मिटलं," ते खोलीत बसत म्हणाले. "गैरसमज होता. त्यानेही चांगल्या हेतूनेच केलं. तुम्हीही फार मनावर घेऊ नका. हा कागद फाडला, बघा." आणि त्यांनी माफीनामा खरंच फाडला.

आत्या उभीच होती. "आणि ती नोंदवही?"

"वहीतलं राहू दे हो. वहीत खाडाखोड बरी दिसत नाही. कोण वाचतंय?"

"निवृत्तीचे कागद काढणारा वाचेल."

"आत्या, एका शब्दासाठी..."

"हो, एका शब्दासाठी!" आत्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली. तेलाचे दोन लाल पंजे काचेवर उमटले. "मला एक शब्द लावायला तुम्हाला चौतीस वर्षं पुरली नाहीत, आणि हा दुसरा लावायला एक तास पुरला! शब्दात काय आहे म्हणालात ना? मग खोडा की."

मॅनेजरांनी जावयाकडे पाहिलं. जावईबापू खिडकीबाहेर पाहत होते. मॅनेजरांनी वही ओढली आणि त्या ओळीवर एक रेघ मारली. एकच, बारीक, खालचं सगळं वाचता येईल अशी. पुढे खरं काय घडलं ते लिहायला त्यांचं पेन तयार नव्हतं. तेल कुणी काढलं हे लिहायचं तर नाव लिहावं लागलं असतं, आणि त्या नावाच्या माणसाबरोबर त्यांना रात्री एका टेबलावर जेवायला बसायचं होतं.

मग आत्याने खुर्ची ओढली, वही आपल्याकडे फिरवली आणि हात पुढे केला. वहिनीने पर्समधलं पेन तिच्या हातात ठेवलं. आत्याचं अक्षर वेडंवाकडं होतं, ती अर्ज लिहायची तेव्हा वहिनीकडून लिहून घ्यायची. आज तिने स्वतः लिहिलं, वेळ लावून:

"तेल मी बरोबर भरले होते. नंतर दोन लिटर काढले गेले, म्हणून गाडी थांबली. आज परत भरले. गाडी चालते. या गाडीचे तेल इंजिन चालू ठेवून बघावे."

खाली सही केली, आणि सहीपुढे लिहिलं: मेकॅनिक.

मॅनेजर पुढे वाकले. "हे पद नाही तुमचं. पत्रकावर मदतनीस आहे."

"मग खोडा," आत्या म्हणाली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "सगळ्यांदेखत खोडा. मी थांबते."

दारात इस्त्रीवाल्या उभ्या होत्या. फोन वाजला, इस्पितळातून, चादरी मिळाल्या म्हणून. मॅनेजरांनी फोन घेतला, "हो, हो, आमच्या मेकॅनिकने लगेच..." असं म्हणाले, आणि मध्येच थांबले. पेनला त्यांनी हात लावला नाही. आत्याने ते टोपण लावून वहिनीला परत दिलं.

घरी येताना ती अख्ख्या रस्त्यात धुमसतच होती. नाव लिहिलं नाहीच शेवटी, एक "चुकलो" तोंडातून निघालं नाही, रेघ तरी कसली मारली, मांजरीच्या मिशीएवढी. वहिनीने ऐकून घेतलं आणि वळणावर एवढंच विचारलं, "मेकॅनिकच्या कॅवर चंद्र नीट दिला होतात ना?" आत्या तिच्याकडे बघत राहिली, आणि मग दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

त्या संध्याकाळी वहिनीने सगळं तारीखवार, वेळेसकट लिहून काढलं. सर्वांत खाली लिहिलं: निळी चादर दोनदा उकळली, तेलाचा डाग निघाला नाही. फाडून चार पायपुसणी केली.